परसातल्या तळ्याचा फिल्टर: जांभ्यापासून के-वनपर्यंत, १३ महिन्यांचा अनुभव

आमच्या घरामागे, विहिरीच्या अंगाला, आजोबांच्या वेळची चिऱ्याची टाकी आहे. पोफळींच्या शिंपण्यासाठी तिच्यात पाणी साठवत. पुढे ठिबक आलं आणि टाकी पाचोळा गोळा करण्यापुरती उरली. मागच्या ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर, ती आतून घासली, नवा गिलावा केला, वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारले आणि मासे सोडले. आतलं माप १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि पाणी ३ फूट. म्हणजे १८० घनफूट, लिटरमध्ये पाच हजाराच्या जरा वर. सध्या त्यात चार कोई आणि नऊ गोल्डफिश आहेत. गोल्डफिश आधी अकरा होते. त्या दोघांचं पुढे येईलच.

गाव रत्नागिरीच्या दक्षिणेला, खाडीपासून चालत दहा मिनिटांवर. जमीन सगळी जांभ्याची, विहीरही जांभ्यातली आणि पाऊस कोकणातला. हे मी गावाचं कौतुक म्हणून सांगत नाहीये. फिल्टरमध्ये काय भरायचं, याचं उत्तर शेवटी यातूनच निघालं. ते कळेपर्यंत मात्र दहा महिने गेले, दोन मासे गेले आणि पैसे किती गेले ते घरात सांगितलेलं नाही. मीडियाचे, म्हणजे फिल्टरमध्ये भरायच्या वस्तूंचे, दहा प्रकार वापरून झाले. त्यातले निम्मे आता माडांच्या आळ्यात आहेत.

आधी यंत्रणा सांगतो. २०० लिटरची दोन निळी पिंपं आणि तळ्यात बुडवलेला एक पंप. खोक्यावर तासाला ४००० लिटर लिहिलंय. पाच फूट वर चढवल्यावर बादली आणि घड्याळ लावून मोजलं, तर जेमतेम २६०० भरले. म्हणजे तळ्यातलं पाणी दोन तासांत एकदा फिल्टरमधून जातं. मला तेवढं पुरतं, पण पंप घेताना खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. पाणी पहिल्या पिंपात खालून शिरतं, वरून दुसऱ्यात जातं आणि तिथून तळ्यात परत पडतं. या मांडणीत मुळातच एक चूक आहे. पंपाचा पंखा माशांची विष्ठा दळून बारीक करतो आणि मग ती पकडणं अवघड होऊन बसतं. तळाला भोक पाडून पाणी उताराने पिंपात आणायला हवं होतं. जुन्या चिऱ्याला भोक पाडायला गवंडी तयार नव्हता आणि मीही फार ताणून धरलं नाही. आता दर आठवड्याला फोम पिळताना त्याची आठवण होते.

फिल्टरची कामं दोन. एक म्हणजे दिसणारी घाण अडवणं. दुसरं काम दिसत नाही. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडत असतात, उरलेलं खाद्य कुजूनही तोच तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचा नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचा नायट्रेट करतो. अमोनिया आणि नायट्राइट माशांना विषारी, नायट्रेट त्यामानाने बराच निरुपद्रवी. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, कशाला तरी चिकटून राहतात. मीडिया म्हणजे त्यांना चिकटायला दिलेली जागा. गाळाखाली ते गुदमरतात, म्हणून घाण अडवणारी वस्तू आणि जिवाणूंची जागा वेगळी ठेवायची असते. हे सगळं मी आधी वाचलं होतं. तरी सुरुवात खडीनेच केली, कारण ती फुकट होती.

घराच्या कामातली उरलेली, २० मिलिमीटरची काळी खडी. पहिलं पिंप पाऊण भरलं. तीन आठवडे पाणी इतकं नितळ की तळाचा नवा गिलावा दिसायचा. सहाव्या आठवड्यात धार निम्म्यावर आली. धुवायचं म्हटलं तर पिंप जागचं हलेना. हलणार कसं? दीडशे लिटर खडी म्हणजे सव्वादोनशे किलो. शेवटी घमेल्याने उपसायला घेतली, तर तळाशी काळा लगदा आणि कुजलेल्या अंड्यासारखा वास. तो हायड्रोजन सल्फाइडचा. गाळातला प्राणवायू संपला की तो तयार होतो आणि ढवळून तळ्यात गेला तर मासे मारतो. मासे तेव्हा बोटाएवढे होते, खाणंही चिमूटभर, म्हणून निभावलं. खडी आमच्या पाणंदीच्या खड्ड्यात गेली. तिथे ती उत्तम काम करते आहे.

मग शेजारचे काका म्हणाले, "छिद्रांचा दगड पायजे ना तुला? मग चिरेखाणीवर जा की, कपच्या पडल्यायत." दोन पोती आणल्या. नऊ-दहा वेळा धुतल्या तरी लाल पाणी सुटायचं थांबेना. जांभा मऊ. प्रवाहात एकमेकांवर घासून कपच्यांच्या कडा झिजतात आणि लाल गाळ होतो. म्हणजे घाण अडवायला घातलेला दगडच घाण करत होता. आणखी एक गोष्ट तेव्हा डोक्यात आली नाही. पावसाने लाखो वर्षं धुऊन धुऊन उरलेला तो दगड. लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली, चुनखडीचा अंश कधीच वाहून गेला. या दगडातून झिरपलेलं विहिरीचं पाणी कसं असणार, हे तिथेच सुचायला हवं होतं.

त्यानंतर लाव्हा रॉक मागवला. "अख्खा सह्याद्री लाव्ह्याचा आहे आणि हा माणूस लाव्हा कुरिअरने मागवतोय," ही बायकोची टीका मी मुकाट ऐकून घेतली. दगड चांगला आहे, छिद्रं खरी आहेत. पण ती छिद्रं महिनाभरात बारीक गाळाने बुजतात आणि मग तो खडीचाच महागडा भाऊ. पुढे चांगला फोम असेल तरच घ्यावा. काथ्या हा माझा स्वतःचा शोध होता, त्याबद्दल थोडक्यात सांगतो: तीन आठवड्यांत तळ्याचा कोरा चहा झाला आणि काथ्या स्वतःच कुजायला लागला. सिरॅमिकच्या नळ्या काचेच्या टाकीसाठी उत्तम, पण पिंपभर घ्यायच्या तर त्या पैशांत अर्धी होडी येईल. बायोबॉलला, म्हणजे प्लास्टिकच्या जाळीदार चेंडूंना, दोष नाही. हलके आहेत, धुवायला सोपे आहेत. मात्र ते मुळात पाणी वरून ठिबकत ठेवायच्या मांडणीसाठी आहेत. माझ्यासारखे पाण्यात बुडवून ठेवले तर जागा खूप अडवतात आणि जिवाणूंना पृष्ठभाग कमीच मिळतो.

फोमबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण इथे बहुतेकांची फसगत होते. बाजारातला गादीचा फोम आणि फिल्टरचा फोम दिसायला सारखेच. गादीच्या फोमच्या पेशींत पातळ पडदे उरलेले असतात. पाणी त्यातून न जाता बाजूने वाट काढतं आणि दोन-तीन महिन्यांत त्याचा भुगा व्हायला लागतो. फिल्टरचा फोम जाळीदार असतो, तोंडाला लावून फुंकलं तर हवा आरपार जाते. त्यावर पीपीआय असा आकडा असतो, म्हणजे इंचाला किती छिद्रं. मी आधी ४५चा घेतला, जितका बारीक तितका चांगला या हिशेबाने. तो दोन दिवसांत तुंबायचा. आता खाली २०चा आणि वर ३०चा ठेवतो. आठवड्यातून एकदा तळ्याचंच पाणी बादलीत घेऊन पिळतो. त्या बादलीतलं काळं पाणी केळींना घालतो. यंदाचे घड बघून शेजारच्यांनी खत कुठलं म्हणून विचारलं.

फोमच्याही खाली, पाणी शिरतं तिथे, भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या टाकल्यात. गुंडाळलेल्या जाळीच्या, दहाच्या पाकिटात मिळतात त्या. पहिल्या पिंपातली ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खणखणीत वस्तू. मोठी घाण त्यातच अडकते, बादलीत झटकल्या की सुटते, आणि वर्षभरात एकही तुटलेली नाही. तारेच्या घ्यायच्या नाहीत, त्या गंजतात. चपट्या हिरव्या स्क्रबलाही नको म्हणेन. काहींना जंतुनाशक लावलेलं असतं आणि आपल्याला तर जंतूच वाढवायचेत.

मार्चमध्ये दुसऱ्या पिंपात के-वन घातला. हा नॉर्वेच्या काल्डनेस कंपनीचा, सांडपाण्याच्या प्रकल्पांसाठी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिकडे विकसित झालेला प्रकार. प्लास्टिकचं चिमुकलं चाक, १० मिलिमीटर व्यासाचं, आत फुली आणि बाहेर खाचा. ही चाकं पिंपात सुटी सोडायची आणि खालून हवा द्यायची. ती सतत गरगरत राहतात. बाहेरून एकमेकांवर घासून स्वच्छ होतात आणि आतल्या फुलीवर जिवाणूंचा थर सुरक्षित वाढतो. एका घनमीटरमागे सुमारे ५०० चौरस मीटर असा सुरक्षित पृष्ठभाग मिळतो असं सांगतात. मी ६० लिटर घातला, म्हणजे त्या हिशेबाने ३० चौरस मीटर. आमच्या माजघराहून मोठी जागा अर्ध्या पिंपात. पाण्याच्या साठ टक्क्यांपेक्षा जास्त भरू नये, नाहीतर चाकं फिरत नाहीत, नुसती एकमेकांना ढकलत बसतात. वजनाला काहीच नाही पण आकाराला मोठं, त्यामुळे कुरिअरचा आकार बघूनच पोटात गोळा आला.

पहिले तीन आठवडे निराशेचे. पांढरी चाकं वरच तरंगत होती, हवेच्या बुडबुड्यांना दाद देईनात. बघणारा म्हणे, पिंपात साबुदाणा भिजत घातलायस का? ओळखीच्या एकाकडे काचेची जुनी टाकी होती, तिच्यातला स्पंज आणून या पिंपात पिळला, म्हणजे जिवाणूंचं विरजण लावलं. हळूहळू चाकं तपकिरी आणि जड झाली, पाण्यात मध्यावर डुंबायला लागली. सातव्या आठवड्यात टेस्ट किटवर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. एप्रिल-मे असा गेला की मी दोघांना तळं बांधायचा सल्लाही देऊन टाकला.

मग पाऊस आला.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात चार दिवस थांबायचं नाव नव्हतं. पाचव्या दिवशी मासे तळाशी एका कोपऱ्यात गोळा झालेले, खायला टाकलं तर वर येईनात. मोजलं तर अमोनिया ४. के-वन जोरात गरगरतोय, हवा चालू, फोम स्वच्छ. मला वाटलं मीडिया कमी पडतोय. आणखी ४० लिटर मागवणारच होतो. तेवढ्यात सहज पीएच पाहिला, तर ६. किटच्या तक्त्यात त्याच्याखाली रंगच नव्हता. तेव्हा खायचा सोडा आठवला, सोड्याने पीएच वाढतो एवढं माहीत होतं. संध्याकाळी अर्धा किलो सोडा विरघळवून ओतला. सकाळी दोन गोल्डफिश पोट वर करून तरंगत होते.

माझा एक मित्र शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेला, आता कोळंबीच्या प्रकल्पावर असतो. त्याला फोन केला. आधी तो शिव्या घालून मोकळा झाला, मग समजावून सांगितलं. कमी पीएचला अमोनिया बहुतांशी अमोनियम या रूपात असतो, तो माशांना तितका बाधत नाही. पीएच एका अंकाने वाढला की मोकळ्या, विषारी अमोनियाचं प्रमाण साधारण दहापट होतं. सहावरून आठवर नेला म्हणजे शंभरपट. मी एका रात्रीत तेच केलं होतं. आधी पाणी बदलून अमोनिया खाली आणायचा, खाणं बंद ठेवायचं आणि मग सोडा चिमटीचिमटीने द्यायचा, हा क्रम. माझ्या तळ्याला दिवसाला ७५ ग्रॅम, म्हणजे केएच (पाण्यातल्या आम्ल पचवणाऱ्या क्षारांचं, अर्थात अल्कलिनिटीचं, माप) अर्ध्या अंकाने वर. त्याहून घाई नाही.

"आणि मीडिया कसला वाढवतोस?" तो म्हणाला. "तुझ्या पाण्यात क्षारच नाहीत, तर ते जिवाणू काम कशाच्या जिवावर करतील? आम्ही तलावाची अल्कलिनिटी रोज बघतो. तू वर्षभरात एकदा तरी बघितलीस का?"

बघितली नव्हती. अमोनियातला एक ग्रॅम नायट्रोजन नायट्रेटपर्यंत न्यायला जिवाणूंना साडेचार ग्रॅमच्या वर प्राणवायू लागतो आणि पाण्यातली सात ग्रॅमच्या आसपास अल्कलिनिटी खर्च होते, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. त्या रात्री जुन्या वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. मी रोज ५० ग्रॅम खाद्य टाकतो. त्यातून साधारण दीड ग्रॅम अमोनिया, म्हणजे रोज पाण्यातले अकरा ग्रॅम क्षार खर्च. माझ्या विहिरीचा केएच २. पाच हजार लिटर तळ्यात एकूण शिल्लक १८० ग्रॅमच्या आत. नवं पाणी घातलं नाही तर हा साठा सतरा दिवसांत संपला! उन्हाळ्यात बाष्पीभवन भरून काढायला मी दर दोन दिवसांनी विहिरीचं पाणी सोडत होतो, म्हणून तळं तगलं होतं. श्रेय मात्र के-वन खात होता.

पावसाने ते खातंच बंद केलं. तळ्याचा पृष्ठभाग साडेपाच चौरस मीटर. १०० मिलिमीटर पाऊस पडला की साडेपाचशे लिटर पाणी थेट तळ्यात, त्यात क्षार जवळजवळ शून्य. जुलै महिन्यात हजार मिलिमीटर झाला तर अख्खं तळं एकदा भरून वाहील इतकं. शिवाय पडवीच्या पागोळ्या नेमक्या टाकीच्या एका कडेला पडत होत्या, त्या वेगळ्याच. पीएच साडेसहाच्या खाली गेला की हे जिवाणू मंदावतात, सहापाशी जवळपास संप करतात. मी त्यांच्यासाठी नवी बिऱ्हाडं मागवायला निघालो होतो आणि आहेत तेच उपाशी होते.

उपाय खाडीवर पडलेला होता. ओहोटीला खडकांवरची कालवं काढणाऱ्या मावशी बंदराजवळ बसतात, त्यांच्या मागे शिंपल्यांचा ढीग असतो. पूर्वी याच शिंपल्यांचा भट्टीत चुना करत. शिंपला म्हणजे जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेट. १२ किलो आणले, ब्रशने मांस खरवडलं, उकळले, आठ दिवस उन्हात टाकले (हे अंगणात नको, दूर कुठेतरी; मांजरांची जत्रा भरते). मग हातोडीने जाड तुकडे करून दोन क्रेटमध्ये भरले आणि दुसऱ्या पिंपातून पडणारं पाणी त्यांवरून तळ्यात जाईल असे ठेवले. याची गंमत अशी की पाणी जितकं आम्लधर्मी तितका शिंपला भराभर विरघळतो. पीएच साडेसातकडे गेला की तो जवळजवळ नुसता दगड. सोड्यासारखी हात चुकायची भीती नाही. ऑगस्टच्या अखेरीस केएच ३, पीएच ७.१. सप्टेंबरात अमोनिया पुन्हा शून्य. शिंपल्यांवर बुळबुळीत थर चढला की काम थांबतं, म्हणून पंधरा दिवसांनी क्रेट जोरात हलवून विसळतो. पागोळ्यांना पन्हळ लावली.

देशावर मात्र माझं ऐकून शिंपले शोधत हिंडू नका. सांगलीला मेव्हण्याकडे बोअरचं पाणी आहे, त्याचा केएच १२ निघाला, पीएच ८च्या वर. त्याला क्षारांची चिंता नाही, पण पीएच चढा असल्यामुळे थोडासा अमोनियाही त्याच्या माशांना बाधेल. तिथे मीडिया भरपूर हवा आणि तो जुना झाल्याशिवाय मासे वाढवायचे नाहीत. त्याने खालून जाळी लावून नुसत्या घासण्यांचं अख्खं पिंप भरलंय आणि ते मस्त चाललंय. माझं के-वन बघून तो हसतो.

के-वन मी परत घेईन का? घेईन, पण वीज भरवशाची नसेल तर दोनदा विचार करा. आमच्याकडे ऑगस्टमध्ये सलग नऊ तास वीज नव्हती. हवा बंद पडली की चाकं थर लावून बसतात, आतले जिवाणू काही तासांत पाण्यातला प्राणवायू संपवतात. वीज आल्यावर ते कुजकं पाणी तसंच तळ्यात जातं. मी खालचा कॉक उघडून पिंप आधी आळ्यात रिकामं केलं, मग पंप लावला. आता ३५ वॉटचा हवेचा पंप इन्व्हर्टरवर आहे, पाण्याचा पंप नाही. आवाजाचंही सांगायला हवं: खोलीच्या खिडकीखाली पिंप ठेवू नका, रात्रभर पातेल्यात भात रटरटल्यासारखा आवाज येतो.

कार्बन घेतला नाही, रोजच्या कामाला त्याची गरज नाही. औषध दिल्यावर उरलेलं शोषायला तो बरा. झिओलाइट अमोनियम धरून ठेवतो हे खरं, पण मिठाच्या पाण्यात धरलेलं सोडून देतो. माशांना मीठ द्यायची सवय असेल तर तो फिल्टरमध्ये ठेवू नका. आणि पाणी हिरवं होतंय म्हणून मीडिया बदलत असाल तर थांबा. ते तरंगतं शेवाळ आहे, ते कुठल्याच फोममध्ये अडकत नाही. त्याला सावली किंवा यूव्ही दिवा. मी अर्ध्या तळ्यावर नारळाच्या झापांचा मांडव घातला, खंड्याचाही त्रास कमी झाला. पावसाळ्यात विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली की चार दिवस ते पाणी तळ्याला नाही आणि मीडिया धुवायलाही नाही. क्लोरीन जिवाणूंची सगळी वस्ती एका धुण्यात मारतो.

पुढच्या जूनसाठी शिंपल्यांचा तिसरा क्रेट लावायचा ठरवलाय. बंदरावरच्या मावशीला सांगून ठेवलं. ती म्हणाली, "शिंपे कशाला नुसते नेतोस, आधी कालवं ने की!" त्यामुळे सध्या आठवड्यातून दोनदा घरात कालवांचं सुकं होतंय आणि क्रेट निम्मा भरलाय.